भिशीची वही

रविवारी सहाला शेवटचं मशीन पिळायला लागतं,
मँचेस्टर रोडवरची लाँड्री थरथरते,
तेव्हा आम्ही चिठ्ठी काढतो.
बिस्किटांच्या डब्यातून, हॉदानच्या धाकटीच्या हातानं.

अकरा जणी. आठवड्याला चाळीस पौंड.
वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं
आणि मराठीत लिहिलेलं
स्विंडनात कुणाच्या बापाला कळत नाही.

डेलरोज म्हणते पार्डनर.
तिच्या आजीनं त्याच पैशांत किंग्स्टनहून बोटीचं तिकीट काढलेलं.
हॉदान म्हणते अयुतो.
पेडण्यात आई भिशी म्हणायची,
बाबांसमोर काहीच म्हणायची नाही.

बँक मागते पगाराच्या तीन पावत्या.
माझा पगार म्हणजे रात्री दहाला येणारा मेसेज:
उद्या गोदामात या. किंवा, उद्या नको.
'नको'ची पावती कुठे मिळते?

मागच्या महिन्यात विद्यापीठातली एक बाई आली,
गळ्यात कार्ड, बूट ओले.
उगवत्या अर्थव्यवस्थांचा अभ्यास करते म्हणाली.
केनिया झालं, बोलिव्हिया झालं,
आता लंडनहून तासाभरात आम्ही.
रेकॉर्डर ड्रायरवर ठेवला. करार आहे?
नाही.
जामीन?
नाही.
आणि कुणी पैसे उचलून पुढे भरलेच नाहीत तर?

मी वही मिटली.
आत बेनिल्डाचं पान आहे.
दुसरा नंबर तिचा लागला, पाचव्या आठवड्यात एजन्सीचे मेसेज थांबले,
सहाव्यात तिच्या खोलीला दुसरं कुलूप.
दोनशे ऐंशी बाकी.
दर रविवारी चार-चार पौंड आम्ही दहा जणींनी घातले,
तिच्या रकान्यात मी शून्य नाही मांडलं,
रेघ ओढली. रेघेवर पुढे लिहिता येतं.
मार्चमध्ये एक पाकीट आलं, लेस्टरचा शिक्का,
पंचवीस पौंड, चिठ्ठी नाही.

भरतात, मी म्हटलं. उशिरा भरतात.

तिनं रेकॉर्डर बंद केला. टॉवेलांच्या घड्या घालू लागली,
आमच्याच, न विचारता, आणि वाकड्या.
मग हळूच: तिची नोकरीही तासांवर,
जूनपर्यंतच. घरभाडं चढलंय.
वीस पौंडांची अर्धी भिशी असते का?

ड्रायर थांबेपर्यंत कुणी बोललं नाही.
नव्या माणसाला शेवटचा नंबर, हॉदान म्हणाली,
अर्धा असो नाहीतर पूर्ण.

इमोजन.
देवनागरीत लिहिताना मला दोनदा खोडावं लागलं.