खड्डा की टक्कर

भांडुपला, गाळा नंबर सतराच्या खाली
लग्नपत्रिकांचा छापखाना चालतो.
त्याची थरथर माझ्या टेबलापर्यंत येते
आणि सेन्सर ती इमानाने नोंदवतो:
शून्य पूर्णांक शून्य तीन.
मी त्याला सांगते, ही टक्कर नव्हे रे,
कुणाचं तरी शुभमंगल आहे.

एवढंच तर शिकवायचंय त्याला.
नखाएवढी चिप, तिच्या पोटात
केसाहून बारीक, झुलती सिलिकॉनची जिभली.
गाडी अडली की ती पुढे झुकते,
आपण झुकतो तशीच.
किती झुकली म्हणजे बॅग फोडायची
आणि किती झुकली तरी गप्प राहायचं
हे ठरवायला पंधरा मिलिसेकंद.
मला साखर एक चमचा की दीड, याला जास्त लागतात.

घोन्साल्विस, आमचा चाचणीचा ड्रायव्हर,
त्याला खड्डे नावागावासकट पाठ.
मानखुर्दचा तिरपा, रे रोडचा जुळा,
शिवडीला ट्रेलरांनी कोरलेला तो लांबडा.
"मॅडम, हा खड्डा नाय, ही बावडी,"
म्हणत चाळीसच्या वेगाने गाडी आत घालतो.
मागे मी, मांडीवर लॅपटॉप, दातांखाली ओढणीचं टोक,
आणि पडद्यावर एकदम सुळका.
टक्करीइतकाच उंच.
पण अरुंद, आणि लगेच उलटा खाली.

खड्डा देतो आणि परत घेतो.
टक्कर फक्त घेते.
हे मी वहीत लिहिलं, मग त्याचं गणित केलं:
रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे गेलेला वेग.

एकाच्या शब्दावर कुणाचा जीव ठेवायचा नाही
म्हणून सेन्सर दोन, दोन कारखान्यांतले,
सख्खे भाऊ कोर्टात बसतात तसे, बोलणं नाही.
वर एक पहारेकरी, दर दहा मिलिसेकंदांनी हाक:
जागा आहेस? जागा आहे.
जागा आहेस?
आणि सगळ्यावर रेहाना तांबोळीच्या हातचा लेप,
कारण खाडीचं वारं
टाचणीच्या टोकाएवढं भोकसुद्धा शोधून काढतं.

मार्चमध्ये एक मोड्यूल परत आलं.
वरळीची गाडी, नऊ वर्षं समुद्राकडे तोंड करून उभी.
दुभाजकावर गेली. बॅग उघडली नाही.
माणूस वाचला. मनगट, दोन बरगड्या.
त्या रात्री मी जेवले नाही.

सकाळी भिंगाखाली सहाव्या पायाशी हिरवट कळंक,
तिळाएवढा.
पण दुसऱ्या भावाने तक्रार केली होती.
पहारेकऱ्याने ऐकली होती, दिवा लावला होता.
मेमरीत तारखेसकट सगळं:
चौदा महिने दिवा लाल.
आम्ही केलेलं सगळं चाललं होतं.

गाडी कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये होती. बघायला गेले.
काचेचा चुरा, सीटखाली पिस्त्याची टरफलं,
आणि डॅशबोर्डवर, नेमकी त्या दिव्यावर,
एक टिकली.
मरून, मधे खडा.
"सारखा डोळ्यांत यायचा हो," गळ्यातल्या झोळीत हात घेतलेले
मालक म्हणाले, "मग हिने आपल्या कपाळावरची काढून लावली."

आमच्या दोषांच्या तक्त्यात दोनशे बारा ओळी आहेत.
मीठ, घाम, उंदीर, झिजलेली तार,
उलटी लावलेली बॅटरी.
दोनशे तेरावी मी लिहिली: टिकली.
कोरगावकर साहेब म्हणाले, खोडा, कंपनीवाले हसतील.
खोडली नाही. उपायाचा रकाना कोरा आहे.
आवाज द्यावा का, मी विचारलं.
घोन्साल्विस म्हणाला, "त्याला पण फडकं कोंबतील, मॅडम."

मालकांना विचारून ती टिकली मी आणली.
टेबलाच्या दिव्याच्या दांडीवर चिकटवली आहे.
चौदा महिने ऊन, खारं वारं,
वर दुभाजकाचा धक्का, बावीस जी,
आणि गोंद अजून
धरून आहे.