पाच व्होल्टचं माप

कीथलीत सकाळी आठला अजून अंधार.
शटर अर्धं वर करून क्लाइव्ह म्हणतो,
"ती नर्स परत आलीय."
परत या शब्दाला आमच्या धंद्यात
वास असतो, जळक्या क्लचसारखा.

जोआन होलरॉइड. कोटाखाली निळा गणवेश.
चावी माझ्या हातात न देता बाकावर ठेवते.
"ऑक्सनहोपच्या चढावर. रात्री दोनला.
वीस मिनिटं नीट चालते, मग मान टाकते.
वरच्या फार्मवर एक माणूस
मॉर्फिनची वाट बघत होता."
ओरडली असती तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात मीच दोन सेन्सर बदलले होते,
एक थ्रॉटलचा, एक हवेच्या दाबाचा.
स्कॅनरनं नावं घेतली, मी मान डोलावली.
एकशे चौऱ्याऐंशी पौंड, मजुरीसकट.

आज स्कॅनर लावला, तर पुन्हा तीच दोन नावं.
कोरे करकरीत सेन्सर, आरोप जुनाच.

तेव्हा कुठं सुचलं विचारायला,
की ही नावं सांगतंय कोण?
इंजिनाच्या कुशीला बोल्टनं आवळलेला
तो चपटा डबा.
तोच मोजतो, तोच नोंदवतो,
साक्षही तोच देतो.
त्याच्याविरुद्ध लिहून ठेवणारं
त्या गाडीत दुसरं कोणी नाही.

मीटर काढला.
हा डबा प्रत्येक सेन्सरला पाच व्होल्ट देतो
आणि विचारतो, यातले परत किती?
आलेल्यावरून ताडतो, हवा किती, पाय किती दाबला.
सगळा व्यवहार त्या पाचाच्या भरवशावर.

थंड इंजिन. चार पॉइंट नव्याण्णव.
साव.

मग वाट बघणं. हे कुणी बिलात लावत नाही.
क्लाइव्हचा विटकरी चहा.
रेडिओवर बर्फामुळे बंद झालेले रस्ते.
पंखा सुरू झाला.
चार पॉइंट नव्वद.
चार पॉइंट चार.
तीन पॉइंट एक, आणि इंजिनानं आचका दिला.

बॅटरीचे बारा डब्यापर्यंत पोचतायत. अर्थिंग चोख.
दोन्ही सेन्सरचे प्लग उपसून बाजूला केले,
तरी तीन पॉइंट एक.
डब्याच्या पाठीवर गारठवणारा फवारा मारला.
पांढरी साय धरली,
आणि आकडा शहाण्यासारखा
वर चढत गेला पाचाकडे.

मापात पाप.

वडील इस्लामपूरला वजनमापं खात्यात होते.
मखमलीच्या पेटीत पितळी वजनं,
रुमालाशिवाय हात लावायचे नाहीत.
दुकानदाराची सबब ऐकून घ्यायचे,
गिऱ्हाईकाची तक्रारही,
आणि दोघांपैकी कुणावरही विश्वास न ठेवता
पेटी उघडायचे.
मी गेल्या आठवड्यात पेटी उघडलीच नव्हती.

मागच्या भंगाराच्या पिंपात
कोपरापर्यंत हात घातला.
ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, कुणाचा तरी हातमोजा,
आणि तळाशी ते दोघं, तेलात माखलेले.
पुसले. बाकावर लावून तपासले.
एकातही खोट नाही.
बडतर्फ केलेल्या माणसांना
कसं बोलावतात परत? मला माहीत नाही.
चिंधीनं पुन्हा एकदा पुसले, एवढंच.

एकशे चौऱ्याऐंशी पौंड मोजून
क्लाइव्हसमोर ठेवले.
"डब्यानं खोटं सांगितलं, तू नाही."
"मी ऐकलं ना."
त्यानं नोटा उचलल्या नाहीत, सरकवल्याही नाहीत.

जोआनला सांगितलं सगळं, सेन्सरचंही.
नवा डबा तुमच्या चावीला ओळखणार नाही,
हाच दुरुस्तीला स्टॉकपोर्टला पाठवतो,
आतला एखादा टाका तडकला असेल,
ऊब लागली की उकलत असेल.
ती माफ करण्याच्या भानगडीत पडली नाही.
"किती दिवस?"
"तीन."
"आज रात्री मला त्या फार्मवर जायचंय."

माझ्या गाडीची चावी काढली,
आणि या वेळी तिच्या हातात दिली.
दुसरा गिअर थोडा अडतो, म्हणालो.
रेटायचा नाही.