बाब क्रमांक ४७

निविदेच्या एकशे बारा पानांत
आभाळ एकदाच येतं:
"बाब क्रमांक ४७. नियंत्रण कक्षाची काच,
पंधरा अंश बाहेर झुकलेली, प्रतिबिंबरहित,
पुरवणे व बसवणे. परिमाण चौसष्ट चौरस मीटर."
तिथेही आभाळ हा शब्द नाही.
तो मीच वाचते.

लिफाफे आता कागदी नसतात.
दुपारी चारला पडद्यावर उघडतात:
तीन नावं, तीन आकडे.
कराडचे गोविलकर सतरा टक्के खाली आले
आणि साहेब चहा ढवळत म्हणाले,
"तेंडोलकर बाई, सतरा टक्के म्हणजे
मनोऱ्याचे नेमके कुठले मजले?"
कोणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

त्याच आठवड्यात सड्याखालच्या देवळात
जानू घाडीने कौल लावला.
उजवी पाकळी पडायला पावणेदोन तास गेले.
देवाने अनामत रक्कम मागितली नाही,
फक्त एक कोंबा आणि नारळ.
"बा म्हाराजा, ह्यो जो मनोरो हय उबो ऱ्हवतलो,
तेका वारो लागाक नको, तेच्यावर वीज पडाक नको,
तेचा बिल अडकाक नको रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा!"
सगळ्यांत मोठा आवाज
गोविलकरांच्या सुपरवायझरचा.

मग ब्रेकर. जांभ्याची तांबडी धूळ
डब्यातल्या भाकरीवर, मोजमाप पुस्तकाच्या शिवणीत.
त्या पुस्तकात खोडरबर चालत नाही:
चुकलं तर एक रेघ, शेजारी सही.
खाऱ्या वाऱ्याने सळया महिन्यात गंजल्या,
त्यांच्यावरचा लेप अंदाजपत्रकात नव्हता.
मी लिहिलं. वरून उत्तर आलं:
"मंजूर दरातच भागवावे."

मे महिन्यात माळद्याचा अनिरुल
क्रेनच्या वाटेत हात पसरून उभा.
पायाशी उघड्या कातळावर चार अंडी,
कातळाच्याच रंगाची,
आणि टिटवी त्याच्या डोक्यावर
उभाआडवा आरडाओरडा करत.
त्याने भोवती चार दगड मांडले
आणि माझ्याकडे बघितलं,
जणू दगडांवर सही मी करायची होती.

अडथळा नोंदवहीत मी लिहिलं:
अकरा दिवस.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग लिहिलं, "तांत्रिक."

पहिली मुदतवाढ. दुसरी मुदतवाढ.
अतिवृष्टी, वाळू, आचारसंहिता.
अनिरुल गावी गेला तो परत आला नाही,
त्याचे नऊ दिवसांचे पैसे
गोविलकर आणि उपठेकेदार
अजून एकमेकांकडे बोट दाखवून मोजतायत.

शेवटच्या बिलाआधी मी वर गेले.
लिफ्ट वेगळ्या निविदेत आहे. रेडिओ यंत्रणा
आणखी वेगळ्या, तिला तिसऱ्यांदाही कोणी भरलं नाही.
एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्या.
वर नुसती काच आणि वारा आणि समुद्र,
खाडीच्या तोंडाशी परतणारे दोन ट्रॉलर,
आणि रिकामी धावपट्टी, इस्त्री करून ठेवलेली.

बाब ४७ तपासायची तर
काचेत आपण दिसतो का ते बघायचं.
या कोपऱ्यातून बघितलं, त्या कोपऱ्यातून.
बॅटरी लावून बघितलं.
मी कुठेच नव्हते.
म्हणजे काम मानकांनुसार आहे.

मग टेप लावली.
एकसष्ट पूर्णांक पाच.
पुन्हा लावली. तेवढंच.
अडीच चौरस मीटर आभाळ कमी भरलं.
ते बिलातून वजा केलं,
रेघ नाही, सरळ आकडा, खाली सही.

खाली सुपरवायझर उभा होता,
मान वर करून, हात हलवून विचारत: किती?
मी दोन बोटं दाखवली, मग तिसरं अर्धं मुडपून.
एवढ्या उंचावरून
त्याला ती किती दिसली,
मला माहीत नाही.