मागचं इंजिन

जेवणाच्या टेबलावर घाट उभा राहिला तेव्हापासून
कुडचड्याच्या आमच्या घरात पानं बाल्कांवात वाढली जातात.
कुळे ते कॅसलरॉक, साडेसात फुटांत:
प्लास्टरचा डोंगर, लाकडाच्या भुशाची झाडी,
बोगदे चार, बाकीचे आठवणीत.

रूळ आहेत. गाड्या आहेत. प्रश्न हुकमाचा आहे.

जुना डबा सरळ होता.
मूठ फिरवली की रुळांत करंट,
आणि रुळावर जो कोण असेल त्याने निघायचं.
विचारणा नाही. नोकरीत आम्हीही तसेच निघायचो.

आता मडगावच्या लोटलीकराने दोन पेट्या आणून ठेवल्यात,
आठ दिवसांच्या बोलीवर.
तो म्हणतो, डिजिटलमध्ये रूळ कायम जागे.
करंट असतोच, पण इंजिन हलत नाही
त्याच्या नंबरने हाक येईपर्यंत.
प्रत्येकाच्या पोटात नखाएवढी चकती,
तिला स्वतःचा नंबर तेवढा पाठ.
मी म्हटलं, हे मला तीस वर्षं आधी हवं होतं.
तो हसला. किंमत मात्र उतरवली नाही.

पहिली पेटी मोबाइलवर चालते.
काचेवर बोट सरकवायचं, गाडी पळते.
पण काचेला खाच नाही, वजन नाही,
आणि भात कालवलेलं बोट ती ओळखत नाही.
शिवाय शुक्रवारी वीज गेली,
वीज आली, वायफाय आलं नाही,
मालगाडी बोगद्यात
आणि मी ओणवा होऊन राउटरच्या दिव्यांकडे बघतोय.

दुसरी जाडजूड, वायरवाली.
गोल काळी मूठ, तळहातात बसणारी.
पुस्तिका अशी की दुसऱ्या पानावर डुलकी लागते.

“आणि घाटात दोन इंजिनं लागतात ना,” लोटलीकर म्हणाला,
“जोडी बांधून देतो. पुढचं-मागचं एकाच मुठीवर.
हुकूम एक, दोघं बरोबर.”

इथे माझं अडलं.

एकोणीस वर्षं बेर्नाबे मागच्या इंजिनात होता,
मी पुढच्यात. मध्ये रिकाम्या वाघिणी,
वळणं, धुकं, धबधब्याची ओली फुंकर.
बरोबर असे आम्ही कधीच नव्हतो.
मी दोन शिट्ट्या द्यायचो. तो ऐकायचा,
विडी विझवायचा,
मग दोन शिट्ट्या द्यायचा,
मग ढकलायचा.
त्या मधल्या वेळात गाडी कुणाचीच नसायची.

हे एका मुठीत कसं बसवायचं?

वायरवाली घेतली. मुठी दोन.
दुसरीची वायर लांबवून
टेबलाच्या त्या टोकाला, कुळ्याच्या अंगाला.

रविवारी मीस आटोपून बेर्नाबे आला.
उजवा हात थरथरतो आता, डावा कान गेलाय.
मूठ हातात तोलून म्हणाला,
“हिका वजन आसा मरे.”

पहिल्याच फेरीला फजिती.
ही इंजिनं कारखान्यातून तीन नंबर घेऊनच येतात
हे सांगायला लोटलीकर विसरला.
मी माझी मूठ फिरवली, मागचंही धावलं,
सोनावळीच्या वळणावर वाघिणी एकमेकींवर चढल्या
आणि तो ओरडला, “शिटी खंय तुजी?”
तीच जुनी चिडचीड, तोच आवाज,
जो मी समोरासमोर असा
फार तर चार-पाचदा ऐकला असेन.

नंबर बदलायला घेतला. कोणता देऊ?
त्याने कुळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या खोलीचा सांगितला,
जिची कडी कधी नीट लागली नाही.
सत्तावीस.

मग मी पुढच्याला हाक दिली.
दोन शिट्ट्या, खेळण्यातल्या, टाचणीएवढ्या.
मागे काहीच नाही.
बेर्नाबे खिसा चाचपत होता,
विडी सोडून त्याला सहा वर्षं झाली.
आतून सून म्हणाली, “बिघडलं वाटतं.”

मी मूठ शून्यावर धरून उभा राहिलो.
समोर चढ होता.
घाई नव्हती.