चालु

पूर्व भागातली शाळा. प्रयोगशाळेच्या खिडकीतून
लूमचा खटखटाट आत यायचा,
स्टँडमधल्या परीक्षानळ्या त्यावर बारीक किणकिणायच्या.
मी बार्शीकडून नुकतीच आलेली.
जोडीला भूलक्ष्मी येमूल,
वेणीला तेंदूपत्त्याचा वास.

हलकुडे सरांनी फळ्यावर लिहिलं
आम्ल अधिक आम्लारी,
बाणापुढं क्षार, पाणी.
"क्षार म्हणजे खारं का, सर?"
"असेलही. चाखायचं मात्र नाही."

शंकुपात्रात आम्ल, त्यात दर्शकाचे दोन थेंब,
काहीच दिसत नाही, पाण्यासारखं पाणी.
वर ब्युरेटमध्ये सोडा.
तोटी माझ्या हातात,
भूलक्ष्मीचे डोळे खाली, पात्राखालच्या पांढऱ्या कागदावर.
थेंब पडतो, गुलाबी ठिपका उमटतो,
ती पात्र गरगर फिरवते, ठिपका विरतो.
पुन्हा थेंब. पुन्हा ठिपका.
विरायला आता जरा उशीर.
आणि ती एकदम ओरडली, "चालु! चालु!"
मी म्हटलं बरं, चालू,
तोटी आणखी सोडली.

क्षणात सगळं राणी कलर.
तिनं कपाळाला हात लावला.
"चालु म्हटलं की मी तुला!"
"म्हणून तर चालू ठेवलं!"
सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, हसू आवरेना.
"अगं, तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
ओता ते. धुवा. उद्या पुन्हा."

संध्याकाळी आकृती काढायला तिच्याकडं गेले.
आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती,
हजारात किती राहिल्या ते ओठांत मोजत.
मागच्या बोळात डाईंग.
वडील, नरसय्या, कोपरापर्यंत निळे,
कॉस्टिकमधून काढलेलं सूत हौदात बुडवत होते.
कॅनमधून आंबट ओतलं,
नाकात झणका गेला.
मग धागा दोन बोटांत चोळून बघितला.
बुळबुळीत. म्हणजे सोडा अजून आत आहे.
पुन्हा आंबट, थोडंच. पुन्हा चोळणं.
"जास्त पडलं तर?"
"सोडा राहिला तर रंग खातंय,
आंबट राहिलं तर सूत खातंय, पोरी."
कितव्यांदा तरी चोळला, तेव्हा धागा बोटांत करकरला.
"चालु," ते म्हणाले,
आम्हाला नाही, सुताला.
कॅन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तोटीशी श्वास धरून.
शेवटचे थेंब ब्युरेटच्या टोकाला लोंबत,
पडू का नको, पडू का नको.
ती म्हणाली, हळूच, "चालु,"
आणि मी थांबले.
वीस मिलिलीटर आम्लाला
सोडा लागला अठरा पूर्णांक सहा.
"सर, निम्मं-निम्मं का नाही?"
"भांडी मोजू नको. आतले कण मोज.
एकाला एक मिळाला की भांडण संपलं."
भांडण कुठं होतं, मला दिसलं नव्हतं.
मला दिसला होता फक्त तो रंग,
नखावर मेंदी जुनी झाल्यावर उरते तेवढा.

बाकीच्या टेबलांवरून फिरत सर आमच्याकडं येईपर्यंत
तोही फिका होत होत गेला.
"हवेतला वायू पाण्यात विरला," सर म्हणाले,
"तोही जरासा आंबट असतो."
आम्ही दोघी पात्रावर वाकून
किती वेळ श्वास सोडत होतो, कुणास ठाऊक.

वही अजून माझ्याकडं आहे.
निरीक्षण तक्त्यात, शेऱ्याच्या रकान्यात,
भूलक्ष्मीच्या अक्षरात: चालु.
पुढं लाल शाईनं
सरांनी उकार दीर्घ केलेला,
आणि मग स्वतःच खोडलेला.