एका कान्याचा फरक

ब्लँटायर नगरपालिकेच्या पाच मैलागाड्या.
पाच म्हणजे कागदावर.
एक विटांवर उभी, तिची चाकं दुसरीच्या पायात.
दुसरीचा पंप ओढतो, पण ओकत नाही.
तिसरीने कुणाची तरी भिंत पाडली,
आता ती पुरावा आहे, कोर्टाने सांगेपर्यंत हलवायची नाही.
उरल्या दोन.
त्या दोघींवर एनेलेस चिपेटाचा संसार.

सकाळी साडेसहाला ती पंपावर फोन लावते.
डिझेल?
येतोय, मॅडम, टँकर येतोय.
'येतोय' या गावी टँकरचा चार दिवस मुक्काम आहे.
एनडिरांडेहून निरोप: खड्डा काठोकाठ.
चिलोब्वेहून: शाळेचा, तीनशे मुली, दोन दारं.
ती लिहून घेते. आधी कोण, मग कोण.
साहेबांच्या मेहुणीचा खड्डा
दरवेळी सगळ्यांच्या आधी भरतो.

चार नंबरची गाडी स्कॉटलंडची देणगी.
दारावर खरवडूनही उरलेलं कुठल्याशा गावाचं नाव,
आणि मीटर मैलांत.
म्हणून रोज संध्याकाळी गुणाकार,
मग डिझेलने भागाकार,
मग शुद्धीकरण केंद्राच्या फाटकावरची वही,
जिच्यात बांबो फोस्टिनो पेन्सिलीने एकेक फेरी टिपतो,
टोक जिभेवर ओलं करून.

तीन आठवडे ताळा लागेना.
अकरा फेऱ्या गाडी गेली,
फाटकावर आलीच नाही.
मैल आहेत, मैला नाही.
(तिच्या चिचेवात हे दोन शब्द शेजारी राहत नाहीत.
हा कान्याचा खेळ फक्त माझ्या कानात.)

रविवारी चर्चनंतर, चांगले बूट घालूनच,
ती मुडी नदीच्या काठाने चालत गेली.
वास घेत.
बावीस वर्षांत तिचं नाक वासाची वयं ओळखतं:
हा कालचा, हा महिन्याचा, हा कुणीतरी झाकून ठेवलेला.
नदीला नदीचाच वास होता. म्हणजे वाईट, पण जुना.

सोमवारी ती न सांगता चार नंबरच्या केबिनमध्ये चढून बसली.
वायसन कापिटोने तिच्याकडे पाहिलं,
नळीवाल्या डाल्टनने खिडकीबाहेर.
केंद्राकडचं वळण आलं.
वायसनने गाडी सरळ जाऊ दिली,
चिराद्झुलूच्या रस्त्याला.

सासूचं शेत. मध्ये एक बांध.
बांधाच्या अलीकडे मका गुडघ्याएवढा,
पिवळा, आजारी मुलासारखा.
पलीकडे काळाभोर हिरवा,
एनेलेस त्यात शिरली तर डोक्यावरचा रुमालही दिसेना.
"खताचं पोतं माझ्या पगाराहून महाग आहे,"
वायसन म्हणाला. बाकी काही नाही.

ती आत उभी राहिली थोडा वेळ.
पानांच्या कडा हाताला कापत होत्या.
जंतांची अंडी मातीत किती वर्षं टिकतात तिला पाठ आहे,
प्रशिक्षणात तीच शिकवते.
मग बाहेर येऊन विहिरीपर्यंत पावलं मोजली.
अडतीस.
कमी होती. तिने पुन्हा मोजली, लहान पावलं टाकून.
त्रेचाळीस.
स्वतःचाच राग आला.

"विहीर बंद. आजपासून. सासूला मी सांगते."
सासूने ऐकलं, मान हलवली,
आणि पाहुणीला प्यायला पाणी आणलं.
पेला दोन्ही हातांनी पुढे केलेला,
गुडघे टेकून, रीतीप्रमाणे.

परतताना कुणी बोललं नाही.
टाकी भरलेली, चढावर हेंदकाळत होती.
फाटकावर बांबो फोस्टिनोने पेन्सिल ओली केली: एक.

रात्री ऑफिसात फेऱ्यांची वही उघडी.
'शेरा' या रकान्यात दोन बोटांची जागा.
पंक्चर लिहिता येईल, गळती लिहिता येईल,
तिने इतरांसाठी लिहिलेलंही आहे.
खरं लिहिलं तर नोकरी जाते,
आणि चिलोब्वेच्या त्या उतारावर
उलटी गाडी घालणारा दुसरा माणूस शहरात नाही.

फोन वाजला. शाळेच्या बाई.
आता एकच दार उरलंय.

तिने पान उलटलं.
उद्या. चार नंबर. चिलोब्वे. सहा वाजता.
चालक: वायसन कापिटो.
मागच्या पानावर अकरा रिकाम्या ओळी,
आणि तिच्या पोटात तो पेलाभर पाण्याचा गारवा,
जो तिला नाही म्हणता आला नव्हता.