मांजऱ्या

पिशोरच्या पुढे डोंगर पायऱ्यांनी उतरतात.
मोजल्या तर सात,
उन्हात धापा टाकत मोजल्या तर नऊ.
तिमाप्पा, माझा बाप, म्हणायचा
एकेक पायरी म्हणजे एकेकदा उतू गेलेलं.
पण चूल कुठं होती, ते कुणालाच ठाऊक न्हाई.

शाळेत गुरुजींनी फळ्यावर डोंगर काढला,
शेंड्याला भोक, भोकातून लाल खडू.
मी दोन रविवार डोंगराचं तोंड शोधत फिरले.
तोंड नव्हतंच.
इथली जमीन शिवण उसवावी तशी उसवली होती,
कोसच्या कोस.

विहिरीत उतरताना बाप थरांची नावं घ्यायचा
सोयऱ्यांची घ्यावीत तशी:
मुरूम. काळा. मग गेरू, वीतभर तांबडा.
"इथं आग थांबली हुती.
एवढ्यात माती झाली, गवत आलं आसंल,
एखादं किडुकमिडुक चाललं आसंल त्याच्यावरून.
अन् मग परत."
त्या वीतभर पट्ट्यावर तो पहार हळू मारायचा.

बत्तीस हातांवर मांजऱ्या लागला,
फोडाफोडांचा, जुन्या बुडबुड्यांचा दगड.
सुरुंगाचा धूर बसला तेव्हा एक पोकळी उघडी पडलेली,
परातीएवढी.
आत पांढऱ्या सुया, हिरवट काचा
आणि ओंजळभर पाणी
ज्यानं कधी ऊन पाहिलं नव्हतं.
बाप ते प्यायला नाही.
बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं.
"गार हाय," म्हणाला.

काचा व्यापारी घेऊन गेला, चौदाशे रुपयांत.
टोपलीचे वेगळे देतो म्हणाला होता.
विहिरीला पाणी लागलं नाही.

आता फाट्यावर पाटी आहे:
मृत ज्वालामुखीचा प्रदेश.
तिच्याच सावलीत दुर्गव्वा आत्या
लोकांच्या पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत बसते.
ठिणगी उडते.
ती म्हणते दगडाची,
मी म्हणते टाकीच्या पोलादाची.
हे भांडण आमचं जुनं आहे.

वैशाखात घरात जीव थांबत नाही,
आम्ही कातळावर वाकळ टाकतो.
दोन वाजले तरी खालून पाठ भाजते.
आत्या या कुशीवरून त्या कुशीवर होते,
हातानं दगड चाचपते,
आणि नवऱ्यावर करवादावं तशी करवादते:
"अजून झोपत न्हाई, मेला."